बगळ्याच्या डोक्यावरचा मुकुट

मीरा, तू मेलबर्नहून पाठवलेली गोष्ट वाचली. मांजराचा भाग मला विशेष आवडला. पण कागदावर वर नाव नाही, खालीही नाही. उद्या हे पान कुणाच्या हाती लागलं तर ही गोष्ट कोणी लिहिली हे त्याला कसं कळणार?

हा प्रश्न खरं तर माझा नाही. तो आगाशेबाईंचा. तो मनात आला की त्यांचा चेहरा समोर येतो. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान किंचित तिरकी, आणि समोरचा माणूस काहीतरी लपवतोय अशी खात्री असलेले डोळे. तुम्ही दोघं नातवंडं, तू आणि ईशान, त्यांना भेटला नाहीत. तुमच्या जन्माच्या आधीची ही हकिगत आहे, म्हणून नीट क्रमाने सांगते.

साउथहॅम्प्टनला त्या आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे राहायच्या. डॉक्टर आगाशे मोठ्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ होते आणि मी त्याच हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स विभागात. वसुधाताई, म्हणजे आगाशेबाई, इथल्या एका शाळेत फ्रेंच शिकवायच्या. इंग्रज मुलांना फ्रेंच शिकवणारी मराठी बाई! “पहिल्या वर्षी पालक माझ्याकडे संशयाने बघायचे,” त्या सांगायच्या. “मग मीही त्यांच्याकडे तसंच बघायला शिकले. सोपं असतं.”

त्यांचा संशय सगळ्यांना सारखा असायचा. एकदा आम्ही दोघी लंडनला, वेम्बलीत, सामान आणायला गेलो होतो. ईलिंग रोडवरच्या दुकानात लोणच्याच्या बाटलीवर ‘होममेड’ लिहिलं होतं. त्यांनी बाटली उलटी केली, आडवी केली, आणि दुकानदाराला विचारलं, “कोणाच्या होममधलं?”

“बेन, एकदम घर जैसा टेस्ट.”

“टेस्ट नाही विचारली. केलं कोणी? कोणीतरी बाई पहाटे उठून कैऱ्या चिरत असेल ना? तिचं नाव कुठाय यावर? दुकानाचं नाव तर एवढं मोठं आहे.”

दुकानदाराने माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी हिंगाच्या डब्या बघायला लागले. बाईंनी शेवटी लोणचं घेतलं नाही, आणि ट्रेनमध्ये बसल्यावर म्हणाल्या, “शैला, नाव नसलेल्या वस्तूमागे बहुतेक बाई असते. तू तपासून बघ.”

तुम्हाला वाटेल, हे लोणच्यावरून काय एवढं? पण त्यांच्या डोक्यात लोणचं नव्हतंच. त्यांच्या डोक्यात होत्या तीनशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधल्या बायका. चांगल्या घरच्या, सुशिक्षित. कुणाचं लहान वयात लग्न लावून दिलेलं, कुणाला राजाच्या मर्जीतून उतरल्यावर गावाबाहेर पाठवलेलं. या बायका एकमेकींच्या दिवाणखान्यात जमायच्या आणि परीकथा रचायच्या. मुलांसाठी नव्हेत, मोठ्यांसाठी. त्या कथांमध्ये राजा परीच्या दाराशी ताटकळत उभा असतो. राजपुत्राचा पक्षी नाहीतर डुक्कर होतो आणि राजकन्या राज्य चालवते. पुस्तकं छापली जायची तेव्हा पुष्कळदा वर नाव नसायचं. असलं तर एखादं अक्षर आणि पुढे तीन तारे. पुढे लोकांना पुरुष लेखकांची नावं लक्षात राहिली, आणि उरलेल्या गोष्टी ‘कुठल्यातरी म्हाताऱ्या दाईने सांगितलेल्या’ झाल्या.

“म्हातारी दाई!” आगाशेबाई हे दोन शब्द उच्चारताना नाक मुरडायच्या. “दाईचंसुद्धा नाव असतं.”

निवृत्त झाल्यावर त्या आमच्या मराठी मंडळाच्या शनिवारच्या वर्गात गोष्टी सांगायला लागल्या. चर्चच्या मागचा हॉल, लाकडी जमीन, कोपऱ्यात इंग्रज बायकांच्या योगाच्या चटया. प्रत्येक गोष्टीची सुरुवात ठरलेली: “ही गोष्ट एका बाईची आहे. तिचं नाव पुस्तकावर नव्हतं. नाव नव्हतं म्हणून बाई नव्हती असं नाही.” मुलांना हे पाठ झालं होतं. ती एका सुरात म्हणायची, जशी आरती म्हणतात.

बगळ्याची गोष्ट मुलांची सर्वांत आवडती होती. एका राजकन्येचं लग्न तिला न विचारताच शेजारच्या राजपुत्राशी ठरतं. लग्नाच्या दिवशी एक परी येते आणि राजकन्येच्या शब्दाला ताकद देते. राजपुत्र दरबारात राजकन्येचं बोलणं मध्येच तोडतो, तेव्हा ती म्हणते, “जरा उभे राहा.” तो बगळा होऊन एका पायावर उभा राहतो. सात वर्षं तो तसाच ऐकत राहतो. तोवर ती राज्य करते, आणि चांगलं करते. शेवटी त्याला माणूस केल्यावर तो सिंहासनाकडे निघतो. ती म्हणते, “बसा शेजारी. पण मुकुट राहू दे. तुमच्या डोक्याला तो सैल होईल.”

“काकू, पण ती बगळा का झाली?” छोट्या तन्वीने एकदा विचारलं. तिचं मराठी इथल्या मुलांसारखं, लिंगांचा सगळा गोंधळ.

“झाला. तो बगळा झाला. कारण त्याला ऐकता येत नव्हतं.”

“मग देन दे लिव्ड हॅपिली एव्हर आफ्टर?”

“असं कोण म्हणतं? तिला विचारलं का कोणी?” बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या. “आणि ती परी बघा. फुकट काही देत नाही. ती बदल्यात काय मागते ते शोधा. परीवरही डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही.”

एका आईने तक्रार केली, मुलगी आता पडलेला दात नेऊन उशीखाली नाणं ठेवणाऱ्या टूथ फेअरीलाही प्रश्न विचारते. बाईंना तो दिवस फार आनंदाचा गेला.

आता सहस्रबुद्धेंविषयी सांगायला हवं. प्रभाकर सहस्रबुद्धे मंडळाचे कार्यवाह आणि दिवाळी अंकाचे संपादक. माणूस कामसू. पण मंडळात जेवणं व्हायची तेव्हा पदार्थ घराच्या नावाने ओळखले जायचे. ‘देशमुखांकडची पुरणपोळी’, ‘सहस्रबुद्धेंची अळूवडी’. आगाशेबाई विचारायच्या, “देशमुखांनी लाटली का?” एका गणपतीत त्यांनी छोटी कार्डं आणली आणि प्रत्येक पातेल्यासमोर एक ठेवलं: करणारीचं नाव लिहा. सगळ्या बायका हसत हसत लिहू लागल्या. देशमुखवहिनींनी तर नावाखाली रेघ ओढली. अळूवडीचं कार्ड मात्र कोरंच राहिलं.

“सुलभा, लिही ना,” आगाशेबाई म्हणाल्या.

सुलभा सहस्रबुद्धे लाल झाल्या. बाईंनी वडी उचलली, वास घेतला, बारकाईने पाहिली. “ही वेम्बलीच्या पटेलबेनची. कडेला तीळ आहेत. बेनचं नाव काय गं? ते लिहू.”

हॉल हसला. सुलभासुद्धा हसल्या, त्यांचा जीव भांड्यात पडला बहुतेक, कारण दरवर्षी कौतुक ऐकून त्याच अवघडत असणार. पण सहस्रबुद्धेंना हसू आलं नाही. दहा वर्षं ‘आमच्याकडची अळूवडी’ म्हणून ते मिरवत होते. तेव्हापासून ते बाईंवर डूख धरून होते, आणि बाई त्यांच्यावर पाळत ठेवून.

पुढे मंडळाने ठरवलं की या परीकथांचं एक छोटं मराठी पुस्तक काढायचं. इथल्या आणि भारतातल्या मुलांसाठी. बाईंना त्याचं केवढं वाटत होतं हे त्या बोलून दाखवत नव्हत्या, पण डॉक्टरांनी मला सांगितलं की रात्रीचं जेवण त्या टेबलावर नव्हे, कागदांवर वाढतात. सहस्रबुद्धेंनी पहिल्या पानाचा नमुना आणला. वर ठळक अक्षरांत ‘संपादक: प्रभाकर सहस्रबुद्धे’. खाली बारीक: ‘कथन: मंडळाच्या महिला सदस्य’.

बाईंनी तो कागद खिडकीपाशी धरला, जणू खोटी नोट तपासतात. “महिला सदस्य म्हणजे कोण?”

“अहो, तुम्हीच. एकीचं नाव घातलं की बाकीच्या रुसतात. कॉमन ठेवलं की प्रश्न नाही.”

“तीनशे वर्षं हेच चाललंय, प्रभाकरराव. प्रश्न नको म्हणून नाव नको. माझं नाव घाला, नाहीतर गोष्टी परत द्या.”

सहस्रबुद्धेंनी मान्य केलं. नाइलाजाने, पण केलं.

त्या दिवाळीच्या कार्यक्रमात मोठ्यांसमोर बगळ्याची गोष्ट झाली. समोर पहिल्या रांगेत पुण्याहून आलेल्या सुमनताई बसल्या होत्या. त्यांचा मुलगा अमेय इथे सॉफ्टवेअरमध्ये होता आणि त्याच्या लग्नासाठी त्या महिनाभर आधी आल्या होत्या. साठीच्या आसपासच्या, शांत बाई. गोष्ट संपत आली आणि “तुमच्या डोक्याला तो सैल होईल” हे वाक्य आलं, तेव्हा आगाशेबाईंच्या आधी ते सुमनताईंच्याच तोंडून निघालं. सगळ्यांनी वळून पाहिलं.

“अहो, ही गोष्ट मी वाचलीये!” त्या म्हणाल्या. “शाळेत असताना. मुलांच्या मासिकात आली होती. याच शब्दांत. लिहिणारी कोणी इंदुमती लिमये होती. कुमारी इंदुमती लिमये. मी धाकट्या बहिणींना किती वेळा सांगितली असेल!”

त्यांनी हे कौतुकानेच म्हटलं होतं. पण हॉलमधली हवा बदलली. आगाशेबाई खुर्चीचा हात धरून खाली बसल्या. “नाव आठवतं तुम्हाला?” एवढंच त्यांनी विचारलं.

“आठवतं म्हणजे काय! पाठ आहे.”

सहस्रबुद्धे उठले. “वसुधाताई, गैरसमज नको, पण तुम्ही तर म्हणाला होतात, या गोष्टींचं मराठी तुमचं स्वतःचं आहे.”

“आहे.”

“मग या लिमये?”

“त्यांना विचारा.”

“त्या आता कुठे सापडणार?”

“बघा शोधून. इतक्या वर्षांत कोणी शोधलं नाही.”

हे उत्तर कुणालाच आवडलं नाही. चहाच्या टेबलाशी बायका हळू आवाजात बोलू लागल्या. लोणच्याच्या बाटलीवरचं नाव विचारणारी बाई, आणि स्वतःच दुसरीचं उचलते? मला ते पटत नव्हतं. पण वाक्य शब्दशः तेच होतं, आणि रेकॉर्ड्स विभागात आयुष्य गेलेल्या मला शब्दशः म्हणजे काय हे कळत होतं.

परतताना मी त्यांच्या गाडीत होते. डॉक्टर म्हणाले, “मी बोलतो उद्या प्रभाकरशी.”

“काही बोलायचं नाही.”

“अगं, एका वाक्याचं काम आहे.”

“ते वाक्य तुम्ही म्हटलंत की ती तुमची गोष्ट होईल. आगाशेंच्या बायकोला आगाशेंनी सर्टिफिकेट दिलं. मला नको ते.”

“बघा शैलाताई,” डॉक्टर आरशातून मला म्हणाले, “इतक्या लोकांना झोपवलं, पण हिच्यावर माझी भूल कधी चालली नाही.”

मी हसले, पण माझा संशय वाढला. असं कुठलं वाक्य होतं जे नवऱ्याने म्हणायचं नव्हतं?

पुस्तक थांबलं. सहस्रबुद्धेंनी सभ्यपणे कळवलं की मंडळाच्या नावाचा प्रश्न आहे. खुलासा आल्यावर बघू. बाईंनी खुलासा दिला नाही. शनिवारी वर्गावर यायच्या, पण मुलं आता कमी झाली होती. आलेल्या मुलांनी “ही गोष्ट एका बाईची आहे” म्हणायला सुरुवात केली की त्या मध्येच थांबवायच्या. “पुढचं सांगते,” म्हणायच्या. त्यांना असं थकलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

अमेयचं लग्न बर्मिंगहॅमला झालं. मुलगी अनुजा, तिथेच जन्मलेली, तिथेच डॉक्टर झालेली. साउथहॅम्प्टनचे आम्ही सगळे भाड्याच्या बसने गेलो. सहस्रबुद्धे पुढे, आगाशेबाई अगदी मागे. हॉल संध्याकाळपर्यंतच मिळाला होता, म्हणून सुनेचं स्वागत आणि लक्ष्मीपूजनही तिथेच उरकायचं ठरलं. गुरुजींनी ताटात तांदूळ पसरले आणि अमेयच्या हातात सोन्याची अंगठी दिली. “आता पत्नीचं नवीन नाव लिहा.”

तुम्हाला हे माहीत नसेल. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं आडनाव तर बदलायचंच, पण पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलायचे. नवरा ताटातल्या तांदळात नवं नाव लिहायचा, साखर वाटली जायची, आणि त्या क्षणापासून घरातले सगळे तिला त्याच नावाने हाक मारायचे.

“नवीन नाव?” अनुजा म्हणाली. “माझं ऑलरेडी आहे ना एक?”

“पद्धत आहे गं,” कुणीतरी म्हणालं. “सुमनताईंनी ‘अदिती’ काढलंय. छान आहे.”

“छान आहे, पण माझ्या डिग्रीवर अनुजा आहे. माझ्या पेशंट्सना अनुजा माहितीये. आई, मी अदिती झाली, तर अनुजाने जे केलं ते सगळं कोणाचं?”

तिने सासूला अगदी सरळ विचारलं होतं, रागावून नव्हे. अमेयचा हात अंगठीसकट हवेत. सुमनताई ताटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली आणि गर्दीतून मागे शोधलं. आगाशेबाई खांबाला टेकून उभ्या होत्या.

“वसुधाताई,” त्या म्हणाल्या, “तुमचं लग्नाआधीचं नाव काय?”

मंडळातल्या आम्ही डझनभर बायका तिथे होतो. त्यातल्या निम्म्यांची नावं अशीच एखाद्या ताटात बदललेली. माझंही. मी शाळेत शैला नव्हते. आणि एकीलाही हा प्रश्न सुचला नव्हता.

आगाशेबाईंनी खांब सोडला. “इंदुमती लिमये.”

डॉक्टर खाली बघत म्हणाले, “वसुधा नाव आमच्या आईने ठरवलं होतं.” बाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

सहस्रबुद्धेंना मात्र राहवेना. “पण वसुधाताई, असं कोणीही म्हणू शकेल. क्षमा करा, पण...”

“बरोबर आहे तुमचं,” बाई म्हणाल्या. “मीही विश्वास ठेवला नसता.”

सुमनताई पुढे आल्या. “मी विचारते. मासिकात त्या गोष्टीला चित्र होतं. काय होतं त्यात?”

आगाशेबाईंच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली, समोरचा काहीतरी लपवतोय असं वाटल्यावर यायची ती. “चूक होती त्यात! चित्रकाराने मुकुट बगळ्याच्या डोक्यावर काढला होता. मी कचेरीत जाऊन भांडले. म्हटलं, अहो, सगळी गोष्टच मुकुट त्याला न देण्याची आहे. ते म्हणाले, बाई, राजपुत्र आहे हे मुलांना कळायला नको का? छापलं तसंच!”

“अगदी!” सुमनताई हसायलाच लागल्या, आणि हसता हसता त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले. “मला कळायचंच नाही हो लहानपणी. मुकुट तिच्याकडे, मग चित्रात त्याच्या डोक्यावर कसा? मी पेन्सिलीने खोडला होता.”

“तुम्ही खोडलात?”

“मी खोडला.”

“मग आधी सांगायचं की, वसुधाताई,” सहस्रबुद्धे ओशाळून म्हणाले.

“आधी विचारायचं की, प्रभाकरराव.”

अमेयने तांदळात ‘अनुजा’ लिहिलं. साखर वाटली गेली. गुरुजींना लंडनची ट्रेन पकडायची होती, त्यांनी हरकत घेतली नाही.

पुस्तक निघालं. पहिल्या पानावर बाईंनी आधी त्या फ्रेंच बायकांविषयी दोन ओळी घातल्या, मग ‘मराठी: इंदुमती लिमये’, आणि त्याखाली लहान अक्षरांत ‘लग्नानंतरची वसुधा आगाशे’. संपादक म्हणून सहस्रबुद्धेंचं नाव त्यांनीच ठेवायला लावलं. “काम केलंय त्यांनी. नाव का काढू?” मुखपृष्ठावरचा बगळा मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा तपासला. शेवटी चित्रकार मुलगी मला म्हणाली, “आंटी, त्यांना सांगा ना, याच्या डोक्यावर काही नाही. रिअली नाही.”

त्यानंतर दोन वर्षांनी त्या घरात पडल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण प्रकृती सावरेना. दुपारच्या वेळेला मी वॉर्डात गेले, ती आमची शेवटची भेट. त्या बारीक झाल्या होत्या, उशीत बुडालेल्या. पण चष्मा नाकाच्या शेंड्यावरच होता.

“शैला, वर बघ,” त्या म्हणाल्या.

पलंगाच्या वर पांढरा फळा असतो, पेशंटचं नाव लिहायचा. तिथे पहिल्या ओळीत हॉस्पिटलच्या कागदावरचं नाव होतं, वसुधा आगाशे. खाली, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, त्या जागी निळ्या मार्करने ‘इंदुमती’.

“इथल्या नर्सने विचारलं,” बाई म्हणाल्या. “आल्या आल्या. ब्लडप्रेशर घ्यायच्या आधी. म्हणाली, तुम्हाला काय म्हणून हाक मारू? मला संशयच आला. म्हटलं, का विचारतेस? म्हणाली, सगळ्यांनाच विचारतो.” त्यांनी माझं मनगट धरलं. “सगळ्यांनाच विचारतात, शैला!”

तेवढ्यात ती नर्स आली. केरळची तरुण मुलगी, औषधांची ट्रॉली ढकलत.

“हे कोणी लिहिलं?” बाईंनी फळ्याकडे बोट करून इंग्रजीत विचारलं.

मुलगी घाबरली. “मी. चुकलं का काही?”

“नाही. बरोबर आहे. मग खाली तुझं नाव घाल.”

“माझं? फळ्यावर तशी जागा नाहीये.”

“जागा कर.”

मी पिशवी उचलली आणि निघाले. दाराशी वळून पाहिलं तर ती मुलगी टाचा उंचावून, हसत, फळ्याच्या कडेला बारीक अक्षरांत काहीतरी लिहीत होती, आणि आगाशेबाई मान तिरकी करून, ती स्वतःचंच नाव लिहितेय ना, हे तपासत होत्या.